कादंबरीचा खर्डा: लिहायचा कसा, मोडायचा कसा

कादंबरी लिहायला घेतलेले बरेच जण पहिल्या तीन प्रकरणांतच वर्ष काढतात. काल लिहिलेलं आज वाचायचं, दोन विशेषणं बदलायची, चार वाक्यं घासायची आणि वेळ संपला की पुढचं उद्यावर टाकायचं. हा क्रम एकदा अंगवळणी पडला की पहिलं प्रकरण गुळगुळीत होतं आणि पंधरावं कधी उजाडतच नाही. त्यात भर अशी की, शेवट लिहून झाल्यावर अनेकदा कळतं, ते घासूनपुसून ठेवलेलं पहिलं प्रकरण या कादंबरीत नकोच आहे. म्हणून खर्डा लिहिताना दुरुस्ती करायची नाही. दुरुस्तीला बसल्यावरही आधी सांगाडा, मग प्रसंग, मग संवाद, मग वाक्य आणि अगदी शेवटी ऱ्हस्व-दीर्घ, हा क्रम सोडायचा नाही. जो प्रसंग कदाचित उडणारच आहे, त्यातल्या स्वल्पविरामावर संध्याकाळ कशाला घालवायची?

उदाहरणाशिवाय हे सगळं हवेत राहील, म्हणून एक कल्पित कादंबरी धरू. काळ १९८२, जागा गिरणगाव. लक्ष्मण हा गिरणीच्या साचाखात्यातला, म्हणजे मागांवरचा, कायम कामगार, मूळचा कणकवलीकडचा. बायको सुमन घरात खानावळ चालवते. धाकटा भाऊ मोहन बदली कामगार आहे. १८ जानेवारीला संप सुरू होतो आणि घरातली माणसं हळूहळू एकमेकांपासून सुटत जातात.

लिहायला बसण्याआधी

आधी आकार ठरवा. डेमी आकाराच्या छापील पानावर साधारण २८ ते ३० ओळी बसतात. संवाद धरून पानाला २५० ते २८० शब्द होतात. म्हणजे ६०,००० शब्दांची कादंबरी २२० ते २४० पानांची होईल. छपाईच्या हिशेबात १६ पानांचा एक फर्मा, म्हणजे १४-१५ फर्मे. पहिल्या कादंबरीला एवढा आकार पुष्कळ झाला. इंग्रजी मार्गदर्शकांतला ८०-९० हजारांचा आकडा मराठीला जसाच्या तसा लावू नका. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे तेवढाच मजकूर कमी शब्दांत बसतो. दिवाळी अंकासाठी लघुकादंबरी लिहायची असेल तर शब्दमर्यादा संपादकाला आधी विचारा. पानं जाहिरातींवर ठरतात, लेखकावर नाही.

मग एका कागदावर चार गोष्टी लिहा: कोणाला काय हवंय, ते का मिळत नाही, मिळवण्याच्या नादात काय गमावलं जातं आणि गोष्ट कोणत्या क्षणी संपते. ‘गिरणी संपाची कादंबरी’ हा नुसता विषय झाला. ‘लक्ष्मणला नोकरी आणि इभ्रत दोन्ही टिकवायची आहेत, संप लांबतो तसं घर सुमनच्या खानावळीवर चालू लागतं, हे त्याला सोसत नाही, मोहन संप मोडून आत कामावर जातो त्या दिवशी भाऊ भावाशी बोलायचं थांबतो’ एवढं लिहिता आलं तर कादंबरीला कणा आहे. शेवटाचा क्षण नंतर बदलला तरी चालेल, पण डोळ्यांपुढे कुठला तरी शेवट हवा. तो नसेल तर खर्डा चाळिसाव्या पानापासून गोल फिरायला लागतो.

प्रसंगांच्या चिठ्ठ्या करा. ६०,००० शब्दांना ४० ते ५० प्रसंग पुरतात, म्हणजे प्रसंगाला सरासरी १,२०० ते १,५०० शब्द. सगळे प्रसंग आधी सुचायला हवेत असं नाही. सुरुवातीचे दहा, मधले दोन-तीन मोठे आणि शेवटचे तीन हाताशी असले की लिहायला बसावं. संपूर्ण आराखडा करून बसणाऱ्यांचा खर्डा लवकर होतो, पण त्यातली माणसं चिठ्ठीवर लिहिल्याप्रमाणे वागत राहतात. हे दुखणं पुढे दुरुस्तीत फार छळतं.

निवेदन कोण करणार, हा निर्णय मात्र आधीच घ्यावा लागतो, कारण मराठीत तो प्रत्येक क्रियापदात शिरतो. ‘मी गेलो’ की ‘मी गेले’, हे पहिल्याच वाक्यात उघड होतं. निवेदक बदलला की प्रत्येक पानावर क्रियापदं बदलावी लागतात आणि ती शोधून बदलायची सोय कुठल्याच संगणकात धड नाही. म्हणून एकच प्रसंग, समजा संपाच्या पहिल्या दिवसाची सकाळ, दोन पद्धतींनी ५००-५०० शब्दांत लिहून बघा. एकदा सुमन स्वतः सांगतेय, एकदा बाहेरचा निवेदक लक्ष्मणच्या खांद्यावरून बघतोय. ज्या पद्धतीत नको असलेली माहिती आपोआप गळून पडते, ती घ्या.

त्याच चाचणीत काळही ठरवा. साधा भूतकाळ दोनशे पानं सहज पेलतो. ‘लक्ष्मण उठतो, खिडकी उघडतो’ हा वर्तमानकाळ पाच पानं ताजा वाटतो, मग नाटकातल्या रंगसूचना वाचल्यासारखं होतं. नेहमीची सवय सांगताना ‘जाई, बसे’ वापरायचं की ‘जायचा, बसायचा’, हेही ठरवून टाका. दोन्ही मिसळले की एका परिच्छेदात आजोबा बोलतात आणि दुसऱ्यात नातू.

खर्डा

आठवड्यात पाच दिवस, रोज ५०० शब्द. या गतीनं ६०,००० शब्दांना १२० बैठकी लागतात, म्हणजे साधारण २४ आठवडे. सणवार, पाहुणे, आजारपण धरून सात महिने समजा. रोज दोन हजारांचा संकल्प सोडणाऱ्यांचा दुसऱ्या आठवड्यात खाडा पडतो आणि खाडा भरून काढायच्या धास्तीनं तिसऱ्या आठवड्यात वहीच उघडली जात नाही. आकडा लहान असावा, चुकू नये.

बसल्यावर आदल्या दिवशीचा फक्त शेवटचा परिच्छेद वाचायचा. त्याच्या मागे जायचं नाही. उठताना प्रसंग अर्धा ठेवून, पुढचं वाक्य काय आहे हे माहीत असताना उठायचं. प्रसंग पुरा करून उठलात की दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदाशी नव्यानं झटापट.

माहिती अडली तर शोधायला उठू नका. मजकुरात कधीच येणार नाही अशी एक खूण ठरवा, उदाहरणार्थ ‘@@’. ‘जॉबरनं @@पगार किती@@ असं सांगितलं’ असं लिहून पुढे चला (जॉबर म्हणजे गिरणीतला मुकादम). खर्डा संपला की ‘@@’ शोधायचं, एकूण एक जागा सापडते. तेव्हा असंही दिसतं की अशा जागांपैकी बऱ्याचशांना माहितीची गरजच नव्हती. वाक्य काढलं तरी काही बिघडत नाही.

खर्डा लिहिता लिहिता कथा बदलते. विसाव्या प्रसंगात लक्षात आलं की मोहन भाऊ नसून मेहुणा हवा, तर मागचे एकोणीस प्रसंग दुरुस्त करायला जाऊ नका. वेगळ्या वहीत नोंद करा, ‘प्रसंग १ ते १९: मोहन = सुमनचा भाऊ’, आणि पुढे तो पहिल्यापासून मेहुणाच होता असं धरून लिहा. या बदलवहीत खर्डा संपेपर्यंत पंधरा-वीस नोंदी सहज जमतात. त्यातल्या काही एकमेकींना खोडतात. मागं जाऊन दुरुस्ती केली असती तर ती मेहनत दुप्पट वाया गेली असती.

मध्यावर, साधारण २५ ते ३५ हजार शब्दांच्या पट्ट्यात, लिहिणं रेंगाळतं. कारण बहुतेक वेळा एकच असतं: सुरुवातीला उभा केलेला पेच आहे तिथेच आहे, आणि माणसं त्याबद्दल फक्त बोलत बसली आहेत. संपाचा तिसरा महिना, चौथा महिना, गॅलरीत तीच चर्चा. इथे परत न फिरता येणारी एखादी गोष्ट घडवा. सुमन मंगळसूत्र गहाण टाकते आणि ते लक्ष्मणला तिसऱ्याच माणसाकडून कळतं. आता जुन्या जागी परतणं शक्य नाही, पुढचे पाच प्रसंग त्यातूनच निघतात.

संगणकावर लिहीत असाल तर युनिकोडमध्येच लिहा, मग कळफलक इनस्क्रिप्ट असो की उच्चारानुसारी. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या यंत्रावर गेला की अक्षरांचा कचरा होतो आणि त्यात शोधाशोधही धड करता येत नाही. धारिकेच्या (फाइलच्या) नावात तारीख घाला, ‘खर्डा-१-२०२५-०६-१४’ अशी. वर्ष आधी लिहिलं की यादी आपोआप क्रमानं लागते. दर आठवड्याला एक प्रत स्वतःला मेल करा. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल खरंच’ अशा नावांनी पुढे काय होतं हे वेगळं सांगायला नको. हातानं लिहिणाऱ्यांनी पानाच्या एकाच बाजूला लिहावं आणि समास मोठा सोडावा.

उलटा आराखडा

खर्डा संपला की चार ते सहा आठवडे त्याला हात लावू नका. या काळात वाक्यं डोक्यातून पुसली जायला हवीत, नाहीतर कागदावर काय आहे यापेक्षा मनात काय होतं तेच वाचलं जातं.

मग छापून घ्या. ए-फोर कागद, चौदा पॉइंट, दीड ओळीचं अंतर, उजवीकडे दोन इंच समास. दोन-तीन दिवसांत, सलग, वाचकासारखं वाचा. समासात फक्त तीनच खुणा करायच्या: कंटाळा आला तिथे आडवी रेघ, कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह, खोटं वाटलं तिथे फुली. सुधारणा लिहायला गेलात की वाचक संपला आणि लेखक परत आला.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात टाळलं जाणारं. खर्ड्यात प्रत्यक्ष जे उतरलंय त्याचा तक्ता करायचा. प्रत्येक प्रसंगाला एक ओळ, आणि ओळीत आठ रकाने: क्रमांक, तारीख किंवा महिना, जागा, कोण हजर, कोणाच्या नजरेतून, त्याला काय हवंय, शेवटी काय बदललं, शब्द किती. ४८ प्रसंगांना दोन-तीन दिवस लागतात. मूळ आराखडा शेजारी ठेवू नका. त्यात तुम्हाला काय लिहायचं होतं ते आहे, इथे काय लिहिलंय ते हवंय.

मग हा तक्ता उभा वाचायचा, एकेक रकाना वरपासून खालपर्यंत. ‘कोण हजर’ वाचताना दिसतं की सुमन नवव्या प्रसंगानंतर थेट एकविसाव्यात येते. मग तेविसाव्यातलं तिचं रडणं वाचकाला परकं का वाटतं, याचं उत्तर तिच्या संवादांत शोधण्यात अर्थ नाही. ते या मधल्या अकरा प्रसंगांत आहे. ‘जागा’ वाचताना कळतं की अकरा प्रसंग चाळीच्या गॅलरीत दोघं उभे राहून बोलण्याचे आहेत. त्यातले चार खानावळीत, रेशनच्या रांगेत, सभेच्या गर्दीत आणि कणकवलीच्या एसटीत हलवले की तेच बोलणं वेगळं होतं, कारण तिथे ऐकणारे इतर असतात आणि माणसं आवाज खाली करतात. ‘शब्द किती’ रकान्यात संपाच्या पार्श्वभूमीचा प्रसंग ४,२०० शब्दांचा आणि भावाभावांत फूट पडते तो ६०० शब्दांचा निघाला, तर जे सोपं गेलं ते लांबलं आणि जे अवघड होतं ते उरकलं, असं समजा. नवख्या खर्ड्यांत हे हमखास असतं.

‘शेवटी काय बदललं’ हा रकाना सगळ्यात निर्दय. तो आठ-दहा ठिकाणी रिकामा राहतो. अशा प्रसंगाचं तीनपैकी एक करायचं: काढून टाकायचा, शेजारच्यात मिसळायचा किंवा त्यात काहीतरी बदलवायचं. दुकानदार उधारी नाकारतो हा एक प्रसंग आणि घरभाडं थकल्याची नोटीस येते हा दुसरा, दोन्हींचा परिणाम एकच. मिसळा: उधारी मागायला गेलेल्या लक्ष्मणला दुकानदाराकडूनच नोटिशीची बातमी लागते. २,४०० शब्दांचे १,३०० होतात आणि अपमान दुप्पट.

‘छान लिहिला गेलाय’ एवढ्याच कारणासाठी प्रसंग ठेवू नका. तो काढून ‘उरलेलं’ नावाच्या धारिकेत टाका. मिटवला नाही या समाधानात हात मोकळा होतो. त्या धारिकेत परत जायची वेळ सहसा येत नाही.

पुनर्लेखन

सांगाडा बदलताना मोडकं प्रकरण जुन्या मजकुरात ठिगळं लावून दुरुस्त करू नका. जुनी छापील प्रत शेजारी ठेवून कोऱ्या धारिकेत नव्यानं टाइप करा. वेळखाऊ वाटतं, पण टाइप करायचा कंटाळा येणारं वाक्य बहुधा नको असलेलंच असतं, ते आपसूक गळतं. ठिगळं लावलेल्या प्रकरणात मात्र जुन्या कथेचे अवशेष राहतात. मोहन मेहुणा झाला, तरी एका ओळीत तो ‘आपल्या आईनं’ असं लक्ष्मणला म्हणत असतो.

सुरुवात शेवटी लिहा. खर्ड्याची पहिली तीन-चार पानं बहुतेकदा लेखक स्वतःला कथा समजावून सांगत असतो: गिरणगाव कसं होतं, चाळ कशी होती, लक्ष्मणचे वडील मुंबईला कधी आले. पहिले हजार शब्द झाका आणि तिथून वाचायला सुरुवात करा. वाचकाचं काही अडलं नाही तर ते हजार शब्द निघाले. त्यातलं खरोखर लागणारं एखाददुसरं वाक्य पुढे पेरता येतं.

पार्श्वभूमीची माहिती कधी द्यायची? वाचकाला प्रश्न पडल्यावर, आधी नाही. मान्यताप्राप्त संघटना एक आणि कामगार दुसऱ्याच पुढाऱ्यामागे, ही १९८२ची गुंतागुंत पहिल्या प्रकरणात तीन पानांत समजावली तर ते वर्तमानपत्र होतं. मोहन आत जायचं म्हणतो आणि लक्ष्मण ‘कुणाच्या चिठ्ठीवर?’ असं विचारतो, तेव्हा दोन ओळींत ते सांगता येतं, आणि तेव्हा वाचक ऐकतो.

दिनदर्शिकेची फेरी

सांगाडा पक्का झाल्यावर फक्त तारखा, वयं, ऋतू, पैसे आणि वस्तू तपासायची एक स्वतंत्र फेरी घ्या. वाक्यं सुधारण्याचा मोह इथेही टाळा. त्या वर्षाची खरी दिनदर्शिका मिळवून भिंतीवर लावा. १८ जानेवारी १९८२ हा सोमवार होता, म्हणून ‘रविवारच्या सुट्टीनंतर’ असं लिहिता येईल, ‘पगाराच्या शनिवारी’ असं नाही. त्या वर्षी अधिक आश्विन आला होता. गणपती ऑगस्टच्या उत्तरार्धात बसले आणि दसरा थेट ऑक्टोबरच्या अखेरीस. दोन सणांत दोन महिन्यांहून जास्त अंतर. अंदाजानं ‘गणपती होऊन महिना झाला आणि दसरा आला’ असं लिहिलं तर कथेचा एक महिना हवेत जातो. उलट, खानावळवालीला हा लांबलेला रिकामा महिना चांगलाच जाणवला असता. नुसती चूक टाळायला निघालेल्या फेरीत कधी कधी असा प्रसंगही हाती लागतो.

वस्तू आणि नावं याहून फसवी. लक्ष्मण गावी जाताना कणकवली स्टेशनवर उतरला तर चूक, कारण कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर १९९८ मध्ये धावली. तो एसटीनंच जाणार. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला, तेव्हा त्याच्या तोंडी अजून ‘रत्नागिरी जिल्हा’च असेल. स्टेशनचं नाव व्हीटी किंवा बोरीबंदर. छत्रपती शिवाजी टर्मिनस हे नाव १९९६चं. दूरदर्शनचं रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्येच सुरू झालं, त्यामुळे जानेवारीतल्या चाळीत रंगीत टीव्ही नको. काळ जवळचा असेल तर जास्त जपा. त्या दिवसांत जगलेले वाचक अजून आहेत आणि एका चुकीनंतर ते कादंबरीवर विश्वास ठेवत नाहीत.

संवाद

दोन तक्ते करा. पहिला, कोण कोणाला काय म्हणतं. सुमन लक्ष्मणला ‘अहो’ म्हणते, तो तिला नावानं की ‘अगो’ करून हाक मारतो, मोहन दोघांना काय म्हणतो, जॉबरशी सगळे ‘तुम्ही’ने बोलतात की मागून ‘तो’ म्हणतात. ‘तू’वरून ‘तुम्ही’वर जाणं ही मराठीत घटना असते. भावाभावांत अबोला झाल्यावर मोहन लक्ष्मणला ‘तुम्ही’ म्हणाला, तर पानभर वर्णनाची गरज उरत नाही. पण त्यासाठी आधीच्या पस्तीस प्रसंगांत ‘तू’ एकदाही चुकलेला नसावा.

दुसरा तक्ता बोलीचा. कणकवलीकडच्या माणसाच्या तोंडी ‘माका, तुका, खंय’ आणि वहिनीला ‘वयनी’. साताऱ्याकडचा जॉबर ‘मला, कुटं’ आणि ‘वैनी’ म्हणणार. सगळी बोली जशीच्या तशी उतरवली तर बाहेरचा वाचक अडखळतो. दर चार वाक्यांत एक शब्द पेरला तर ती नाटकी वाटते. प्रत्येक पात्रासाठी पाच-सहा ठळक रूपं निवडा, ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत त्याच लेखनात ठेवा आणि बाकी वाक्याची ठेवण बोलीची राहू द्या. शहरात वीस वर्षं राहिलेला लक्ष्मण कामावर वेगळं बोलेल आणि रागावल्यावर मालवणीवर येईल. हा बदल शुद्ध-अशुद्धापेक्षा जास्त उपयोगी पडतो. ती बोली घरात बोलणाऱ्या माणसाकडून हे भाग मोठ्यानं वाचून घ्या. जिथे तो अडेल तिथे लेखन चुकलंय.

वाक्यं

आता कुठे वाक्यांकडे यायचं. इथलं उद्दिष्ट ठोस ठेवा: दहा टक्के कपात, ६०,०००चे ५४,०००. आधी ‘होता, होती, होतं’ शोधा. नवख्या खर्ड्यात परिच्छेदातली सलग चार वाक्यं तिथेच येऊन आदळतात:

‘लक्ष्मण गेटपाशी उभा होता. त्याच्या हातात डबा होता. गेट बंद होतं. त्याच्या मनात एक विचित्र भीती दाटून आली होती.’

दुरुस्तीनंतर: ‘गेट बंद. लक्ष्मणनं डबा या हातातून त्या हातात घेतला आणि सवयीनं हजेरीच्या खिडकीकडे पाहिलं.’

भीतीचं नाव गेलं, भीती राहिली. जुन्या वाक्यातला ‘एक’ही बघा. मराठीत ‘एक’ मोजायला किंवा ‘कुणी एक’ म्हणायला लागतो. ‘एक विचित्र भीती’, ‘एक हलकंसं स्मित’ हा इंग्रजी वाचनाचा परिणाम. ‘च्या माध्यमातून’, ‘करण्यात आलं’, ‘त्यानं आपलं डोकं हलवलं’ हेही त्याच गोतावळ्यातले. ‘अचानक’, ‘जणू’, ‘क्षणभर’, ‘नकळत’ हे चार शब्द शोधून मोजा. प्रत्येकी चाळीस-पन्नास निघाले तर दहा ठेवा.

सर्वनामांचा घोळ वेगळा तपासावा लागतो. ‘मोहननं लक्ष्मणला सांगितलं की त्यानं गावी जायला हवं.’ कोणी? मराठी कथनाला थेट बोलणं जास्त सोसतं: ‘मोहन म्हणाला, दादा, तू गावी जा.’ आणि ‘की’ वापरलं तरी बोलणाऱ्याचा ‘मी’ तसाच ठेवता येतो: ‘मोहन म्हणाला, की मी गावी जातो.’

शेवटी पूर्ण कादंबरी मोठ्यानं वाचा. दिवसाला २५ पानं, नऊ-दहा दिवस. श्वास पुरत नाही ते वाक्य तोडा, जीभ अडते तिथला शब्द बदला.

दुसऱ्यांच्या हाती

वाचायला तीन जणांना द्या: एक त्या जगातला, इथे गिरणीत काम केलेला किंवा त्या घरातला, एक भरपूर कादंबऱ्या वाचणारा, पण नात्यातला नसलेला, एक अजिबात भीड न बाळगणारा. ‘कशी वाटली?’ हे विचारू नका, उत्तर ‘छान’ येतं. विचारा: वाचन कुठे थांबवलं, मागे जाऊन कुठे बघावं लागलं, कुणाचं नाव आठवत नाही, कुठला प्रसंग आधीच कळला. तिघांपैकी दोघे एकाच जागी अडखळले तर ती जागा बिघडलेली आहे, हे मान्य करा. मात्र त्यांनी सुचवलेला उपाय घ्यायलाच हवा असं नाही. ‘शेवट पटला नाही’ याचा उपाय बऱ्याचदा तिसाव्या प्रसंगात असतो.

शुद्धलेखन आणि प्रत

साहित्य महामंडळाचे नियम, १९६२चे चौदा आणि १९७२ची चारची भर, हाताशी ठेवा. कादंबरीकाराला त्यातली एक तरतूद सतत लागते: पात्रांच्या बोलण्यात ‘केलं, घरं’ अशी अनुस्वाराची रूपं चालतात, एरवी ‘केले, घरे’. हल्ली निवेदनही पुष्कळदा बोलतं असतं, तेव्हा दोन्हींपैकी काहीही निवडा, पण निवेदनात मिसळू नका.

पात्राचं नाव शेवटच्या क्षणी बदलायचं असेल तर ‘सगळीकडे बदला’ हे बटण दाबू नका. ‘राम’चा ‘श्याम’ करायला गेलात तर ‘आराम’चा ‘आश्याम’ आणि ‘घरामध्ये’चं ‘घश्यामध्ये’ होतं. एकेक जागा बघून बदला. सामान्यरूपंही स्वतंत्र शोधा: ‘वसंतने’, ‘वसंताने’, ‘वसंतानं’ ही संगणकाला वेगवेगळी आहेत. आणखी एक न दिसणारी अडचण: ‘ॲ’ दोन प्रकारे टाइप होतो, एकसंध अक्षर म्हणून किंवा ‘अ’वर चंद्र ठेवून. ‘ऱ्या’सुद्धा दोन प्रकारे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. सुरुवातीलाच एक प्रकार धरा, किंवा शेवटी दोन्ही शोधून एकसारखे करा.

प्रकाशकाला पाठवताना युनिकोडमधली मूळ धारिका आणि तिचीच पीडीएफ, दोन्ही द्या. अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरसाठी मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलला गेला तर ‘ऱ्य’, ‘ॲ’ आणि रफार पहिल्यांदा बिघडतात. पीडीएफ असली की मूळ काय होतं ते ताडता येतं. सोबत एका पानाचा सारांश जोडा, त्यात शेवट स्पष्ट लिहा. उत्सुकता ताणणारा मजकूर मलपृष्ठासाठी असतो, संपादकासाठी नाही.

पानं लागून मुद्रितं (छपाईआधी तपासायची पानं) हाती आली की पुनर्लेखनाची वेळ गेली. या टप्प्यावर एक ओळ वाढली तरी पुढची पानं सरकतात, आणि शेवटचा फर्मा भरलेला असेल तर एका जादा पानासाठी नवा फर्मा उघडावा लागतो. शब्द बदलायचाच झाला तर तेवढ्याच लांबीचा शोधा. बिघडलेली जोडाक्षरं, पानाच्या डोक्यावर एकटी पडलेली ओळ, प्रकरणांचे क्रमांक आणि बंद न झालेली अवतरणचिन्हं बघा. तुमच्या वाचनाशिवाय मुद्रितशोधकाचं स्वतंत्र वाचन होणार आहे का, हे प्रकाशकाला विचारून घ्या. स्वतःच्या मजकुरातली चूक डोळा आपोआप भरून वाचतो, तेव्हा नसेल तर शेवटचं मुद्रित दुसऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या.